आकाराम ड्रायव्हरला प्रभूकडे आणणे

१ जानेवारी १९६७, रविवार

नव्या वर्षाची उपासना. पाळकसाहेबांचा संदेश चांगला झाला, थोडा लांबला. मुद्दा असा की तोंडानं उपदेश करणारे पुष्कळ, जगून दाखवणारे थोडे. आपलं जगणं असं पाहिजे की शेजारच्याला वाटावं, या माणसाकडे जे आहे ते मलाही हवं. ‘थोडे’ म्हणताना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

संकल्प: यंदा एक तरी माणूस प्रभूकडे आणायचा. तोही एक शब्द न बोलता, नुसतं जगून.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मंडळीचे नवे वडील निवडायचे आहेत. वडील म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे पाच जण. पुढच्या बाकावर बसतात. त्याचा या संकल्पाशी काही संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

२ जानेवारी

माणूस निवडला. आकाराम चौगले, एस.टी. ड्रायव्हर, कोल्हापूर–आजरा गाडी. आमच्या घराला भिंतीला भिंत लावून राहतो. पूर्वी तालमीत होता, आता सुटलाय. आवाज असा की तो घरात जेवायला मागतो ते गल्लीला कळतं. शिव्या सहज येतात, रागच आलेला असावा लागतो असं नाही. दर रविवारी जोतिबा. बायको तानाबाई. मूलबाळ नाही. आमच्या हिचं आणि तानाबाईचं गूळपीठ आहे.

अवघड माणूस आहे, म्हणूनच निवडला. सोपे सगळे बाळासो कंपाउंडर घेऊन जातो. गेल्या वर्षी त्यानं दोन कुटुंबं आणली. दवाखान्यात आजारी माणसं आयतीच सापडतात, त्यात कसलं आलंय कर्तृत्व. मी हायस्कुलातला शिक्षक. माझ्याकडे माणसं धडधाकट येतात.

हिला संकल्प सांगितला. ही म्हणाली, आधी आजऱ्याचं काय ते बघा. मी उत्तर दिलं नाही. गप्प राहणं हीसुद्धा साक्षच.

५ जानेवारी

आजऱ्याविषयी एकदाच लिहितो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

नंदिनी आमची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं त्र्यंबक नावाच्या हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि आजऱ्याला गेली. तो तिथं काजूच्या कारखान्यात कामाला आहे. चर्चमध्ये लग्न नाही, पाळकांचा आशीर्वाद नाही, मला विचारणं नाही. त्या संध्याकाळी दोघं दारात आली होती. मी दार लावून घेतलं. तेव्हापासून या घरात तिचं नाव घ्यायचं नाही असा नियम आहे. नियम मी केला, पाळतो आम्ही दोघं.

मनातून मी तिला केव्हाच क्षमा केली आहे. फक्त तिनं यायचं नाही आणि मी बोलायचं नाही, एवढंच.

९ जानेवारी

गेले काही दिवस आकाराम दिसला की हसतो. भरपूर हसतो, कारण थोडकं हसू त्याला लांबून दिसणार नाही. आज तानाबाईनं हिला विचारलं, सरांची दाढ दुखतीया काय? लवंग धाडू का?

लवंग आली. घेतली. नाकारणं बरं दिसलं नसतं.

१५ जानेवारी, रविवार

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आता खिडकी उघडी ठेवून. दिवा झाकून ठेवायचा नसतो. आवाजही जरा वाढवला. आकारामसाठी नाव घेऊन प्रार्थना केली: हे प्रभू, शेजारचा आकाराम, त्याच्या तोंडातल्या शिव्या काढून टाक, आणि सकाळी सहाला तो अंगणात घसा खाकरतो तेही.

भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला. ऐकत असावा.

ही जेवताना म्हणाली की देव बहिरा नाही. हिला साक्षीची पद्धत समजत नाही. थंडी असल्यामुळे हिचं लोकरीचं काम चालू आहे. टोपडी विणते. मिशन हॉस्पिटलातल्या पोरक्या मुलांसाठी असावीत. चांगलं आहे. माझ्या जगण्याचा परिणाम घरातही दिसू लागला म्हणायचा.

२७ जानेवारी

आकारामनं काजू आणून दिले. चांगली पिशवीभर, पांढरेशुभ्र, एकही तुकडा नाही. म्हणाला, आजऱ्यासनं आल्यात. कुणी दिले विचारलं तर नुसता हसला आणि हिच्याकडे बघत म्हणाला, देणाऱ्यानं दिल्यात, तुमी खावा की.

लक्षात घेण्यासारखं आहे. एस.टी.चा ड्रायव्हर स्वतः न खाता शेजाऱ्याला काजू देतो. हृदय मऊ पडू लागल्याचं पहिलं चिन्ह. गेल्या महिन्यात दिवाणखान्यात ठेवलेल्या दोन डब्यांचा मात्र पत्ता नाही. नाताळची नानकटाई होती त्यात. हिला विचारलं तर म्हणाली, गावाला गेले. डबे गावाला कसे जातील? वय झालं की माणूस असं बोलतं.

काजू मीच संपवले. ही एकही खाईना. हातात घेऊन बसायची.

८ फेब्रुवारी

उपवासकाळ सुरू. ईस्टरपर्यंत चहा सोडला. रेशनवर साखर नाहीच, पण म्हणून सोडला असं नाही. त्याग आकारामच्या नजरेस पडावा म्हणून सकाळी पायरीवर बिनचहाचा बसलो. तो म्हणाला, काय सर, वैनी गावाला गेल्या व्हय?

ही खरोखरच जायच्या तयारीत होती. मिरजेला अक्काकडे, म्हणजे हिच्या बहिणीकडे, आठ-दहा दिवस. अचानक कसं काय, ते विचारलं नाही. विचारणं म्हणजे अविश्वास. हिला स्टँडवर पोचवायला आकारामच गेला. मी निघालो होतो, पण तो म्हणाला, तुमी कशाला, माझ्याच गाडीनं... आणि तानाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. आजऱ्याची गाडी मिरजेला जात नाही हे त्याला मी सांगणार कोण.

११ फेब्रुवारी

डोकं भयंकर दुखतं. कॉफी सोडलेली नाही हे आज लक्षात आलं.

दुपारी तानाबाई पेढे घेऊन आली. कसले विचारलं तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, असंच ओ, ग्वाड वाटलं. आकारामनं रात्रीपर्यंत कुणाला शिवी दिली नाही. प्रार्थना पोचली.

१९ फेब्रुवारी, रविवार

निवडणुकीच्या ड्यूटीवरून परत. पन्हाळ्याच्या बाजूला केंद्र होतं. मोठी बातमी आहे, सावकाश लिहितो.

आम्हा मास्तरांना आणि मतपेट्यांना न्यायला जी गाडी आली तिच्या स्टिअरिंगवर आकाराम! योगायोग म्हणणारे म्हणोत. चढावर टायर बसला. जॅक सापडेना. सगळे उतरून रस्त्याच्या कडेला बसलो. वेळ जाईना, कुणीतरी म्हणालं सर, सांगा काहीतरी. एक शब्द न बोलण्याचा संकल्प होता, पण संधी आली की संकल्प बाजूला ठेवावा लागतो.

उधळ्या मुलाचा दाखला सांगितला. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन घर सोडतो, सगळं उडवतो, उपाशी मरायला लागतो, परत येतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो, अंगठी घालतो, मेजवानी देतो. मूळ गोष्टीत वासरू कापतात. समोर बसलेली मंडळी बघून मी वासराचं बोकड केलं. थोरल्या भावाचा राग शेवटी ओझरता सांगितला, वेळ नव्हता. मी फार चांगलं सांगतो. पोलीस शिपाईसुद्धा विडी विझवून बसला होता.

आणि आकाराम! हातात पाना तसाच, डोळे भरलेले. म्हणाला, सर, त्यो म्हातारा पळाला व्हय? मी म्हटलं, हो, धावत गेला. तो म्हणाला, पोरानं माफी मागायच्या आदीच? मी हो म्हटलं आणि पश्चात्ताप, कृपा वगैरे मुख्य मुद्द्यांकडे वळलो. पण तो तिथंच अडकला होता. टायर बसवताना आपल्याशीच म्हणत होता, पळाला म्हणं म्हातारा. धोतर सावरत पळाला आसंल.

अशिक्षित मन तपशिलात रमतं. हरकत नाही. आत्मा हलला आहे.

२१ फेब्रुवारी

ही परत आली. दमलेली आहे, डोळे जागरणाचे, पण चेहरा उजळलेला. मिरजेची हवा मानवली. लुगड्याला बाळंतशेपेचा वास येत होता. अक्काला पोटाचा त्रास आहे, त्यामुळे असावा.

मला बघून काहीतरी बोलायला आली. मी तेवढ्यात आकारामची हकीकत सांगायला घेतली. ती संपली तेव्हा ही भाकरी थापायला उठली होती.

३ मार्च

आकाराम संध्याकाळी आला. टोपी काढून बसला. म्हणाला, ती गोष्ट अजून एकदा सांगा. सांगितली. पुन्हा त्याचं तेच. बाप किती लांबून पळाला? मी म्हटलं, अंतर दिलेलं नाही. तो म्हणाला, तरी आपल्या गल्लीएवढं? मी वैतागून म्हटलं, असेल गल्लीएवढं. मग त्यानं विचारलं, आन समजा लेक असती तर? मी म्हटलं, देवाला मुलगा काय, मुलगी काय, सारखंच. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ही दारात उभी होती.

जाताना म्हणाला, तुमचा देव लई मोठ्या मनाचा हाय सर.

असं वाक्य बाळासो कंपाउंडरच्या माणसांपैकी कुणी बोललं असेल असं वाटत नाही.

१२ मार्च, रविवार

पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं. ते आनंदले, पण म्हणाले, घाई करू नका, माणूस आपल्या पायानं येऊ द्या. मग उगाचच विचारलं, नंदिनीचं काही कळतं का? मी म्हटलं, प्रार्थनेत असते. खोटं नाही. नाव घेत नाही, पण जागा सोडलेली असते.

१९ मार्च, झावळ्यांचा रविवार

आकारामला विचारूनच टाकलं: ईस्टरला चर्चला येशील का? तो म्हणाला, त्या दिवशी तुमचा देव मेलेला उठला न्हवं? म्हंजे मोठा सण. येतो की. एकटा न्हाय येत, पावणं घिऊन येतो. तुमी फकस्त घरात ऱ्हावा.

चर्चमध्ये राहा असं म्हणायचं असेल. पाहुणे घेऊन येणार! म्हणजे तानाबाई, तिचा भाऊ, बहुधा मुलंबाळं. धावत जाऊन पाळकसाहेबांना सांगितलं, एक नव्हे, कुटुंब आहे. मग बाळासोलाही सांगितलं. त्यानं माझा हात धरून ‘प्रभूची स्तुती असो’ म्हटलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, कसलेला आहे.

पुढून दुसरा बाक राखून ठेवायला चौकीदाराला सांगितलं.

२४ मार्च, शुभ शुक्रवार

तीन तासांची उपासना. उपास. गायनाच्या वेळी पोरी पुढे उभ्या राहिल्या आणि डावीकडून दुसरी जागा मोकळी होती. कुणीतरी आजारी असेल. ती नंदिनीची जागा. आठवीत असल्यापासून ती तिथं उभी राहायची, पुस्तक न बघता म्हणायची, आणि चुकली की माझ्याकडे बघून जीभ चावायची.

मला रडू आलं. आजूबाजूचे पाहत होते. प्रभूच्या दुःखामुळे, असं सगळ्यांनी समजून घेतलं. मीही तसंच समजतो.

आज चहा फार हवासा वाटतो आहे.

२६ मार्च, ईस्टर. सकाळी ९.३०

पहाटेच्या उपासनेहून परत. नीट लिहिता येत नाही.

आकाराम आला नाही. बाक रिकामा. मी बाकाच्या टोकाला बसून दर गाण्याला दाराकडे बघत होतो. पाळकसाहेब संदेशात म्हणाले की कबर रिकामी आहे, आणि माझ्यामागं कुणीतरी कुजबुजलं की बाकही. बाळासो असणार. बाळासोच असणार असं नाही. शेवटी साहेबांनीच बाळासोच्या दवाखान्यातल्या लोकांना त्या बाकावर बसवलं.

घरी आलो तर आकारामच्या अंगणात तीन दगडांची चूल आणि तिच्यावर हे मोठं पातेलं. बोकडाचं मटण! ही तिथं कांदे चिरत बसलेली. आकाराम कुठे म्हटलं तर तानाबाई म्हणाली, गाडी घिऊन गेलाय, दुपारपतुर येतोय. ईस्टरच्या दिवशी प्रभूला शब्द देऊन हा माणूस मटण शिजवायला लावून ड्यूटीवर जातो. मी पाणीही न पिता आत आलो.

त्याला क्षमा करायची की नाही ठरवतो आहे. बहुधा करीन. पण आधी त्याला कळलं पाहिजे की क्षमा केली आहे.

दुपारी १२.४०

मोठा घोटाळा.

एस.टी. गल्लीत आली आहे. गल्लीच्या तोंडाशी, पार तिकडे पिठाच्या गिरणीजवळ उभी केली आहे. आकारामनं खाली उतरून हाक मारली, सर, बाहेर या, बघा कोन आलंय!

मी खिडकीतून बघितलं. नंदिनी उतरली. वाळली आहे. अंगावर हिरवं लुगडं, आणि छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्याच्या डोक्यावर आमच्या हिनं विणलेलं पिवळं टोपडं. मागं तो मुलगा, पिशव्या घेऊन.

ती गाडीजवळच उभी राहिली, पुढे आली नाही. आमच्या दाराकडे बघत होती. सगळी गल्ली आमच्या दाराकडे बघत होती. आकाराम तर कमरेवर हात ठेवून, कुस्ती लागणार असल्यासारखा.

मी खिडकीतून मागे झालो.

लगेच बाहेर जाणं बरोबर नव्हतं. अशा वेळी बापानं काय बोलावं ते ठरलेलं पाहिजे. नाहीतर भावनेच्या भरात भलतंच बोललं जातं. दोन वर्षांचा प्रश्न दोन मिनिटांत कसा सुटेल? थोडक्यात पण स्पष्ट असं निवेदन तयार करतो, मग जातो.

१.३०

पहिलं निवेदन कडक झालं. फाडलं.

बाहेर पानं वाढली आहेत. रश्श्याचा वास आतपर्यंत येतो आहे. मला फसवण्यात आलं आहे हेही मुद्द्यात घ्यायला हवं. डबे, काजू, मिरज. सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नाही. पेढे मी खाल्ले आणि मलाच माहीत नाही!

आकाराम दार वाजवून गेला. म्हणाला, सर, रस्सा गार होतोय. मी म्हटलं, येतो. तो म्हणाला, आवो तुमचीच गोष्ट हाय, तुमीच आत बसून काय करता? मी म्हटलं, तयारी करतो आहे.

२.१५

दुसरं निवेदन फार मऊ झालं. यात चूक कुणाची तेच राहून गेलं.

ही दाराशी आली. दार वाजवलं नाही. एवढंच म्हणाली, नातू आहे. मग थोडा वेळ तिथंच उभी असावी, बांगड्या वाजल्या. मी कडीला हात लावला होता. तेवढ्यात बाहेर मूल रडलं आणि ही गेली.

तिसरं निवेदन लिहायला घेतो. चार ओळींत बसवायचं.

४.१५

निवेदन झालं. चांगलं झालं. तोंड धुतलं, कोट घातला, बाहेर आलो.

अंगणात कुणी नाही. तानाबाई पातेलं घासत होती. म्हणाली, गेली की ओ सगळी. त्यास्नी परत गाडी न्यायची हुती. बाई बी गेल्या लेकीसंगट. चार दिस ऱ्हाऊन येतो म्हनल्या. तुमचं ताट झाकून ठेवलंय.

म्हटलं, ती काही म्हणाली का? तानाबाई म्हणाली, पोरगी व्हय? न्हाय. लई वेळ तुमच्या दाराकडं तोंड करून पोराला पाजत बसलेली.

ताट उघडलं नाही. नंतर उघडलं.

२७ मार्च, सोमवार

शाळेत गेलो. आलो. चहा सुरू करायला आता हरकत नाही, पण साखर कुठल्या डब्यात असते ते माहीत नाही. इतक्या वर्षांत कधी गरज पडली नव्हती.

संध्याकाळी आकाराम आला. आत नाही आला, पायरीवर बसला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सावकाश बोलत होता. त्याला तसं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. म्हणाला, पोरगी येईना झालती सर. बाबा बघायचं बी न्हाईत म्हनली. मीच म्हनलो, आगं खुळी हाईस का, तुजा बा सोता सांगतोय गोष्ट, पन्हाळ्याच्या वाटंवर सांगिटली, घरात बसवून सांगिटली. लेक आन ल्योक सारखंच म्हनलाय. चल तू. सव्वा महिना झाल्याबिगर बाळातीन हलवायची न्हवती, म्हून ह्यो सण धरला.

मग म्हणाला, गाडी दारात आनता आली असती. तुमास्नी पळाय जागा ऱ्हावी म्हून लांब लावली.

निवेदन खिशात होतं.

थोड्या वेळानं मी विचारलं की चर्चला येण्याविषयी त्यानं काय ठरवलं आहे. का विचारलं कळत नाही. दुसरं काही सुचलं नाही. तो उठला, टोपी घातली, म्हणाला, देव तुमचा चांगलाच हाय. त्यात काय वाद न्हाय. पर तुमच्याकडनं न्हाय ओ ऐकवत. वैनी आल्या की त्यास्नी इचारीन.

निघताना मी विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं? तो म्हणाला, अजून ठेवलं न्हाय. तुमी ठेवशिला म्हून थांबल्यात. सकाळच्या गाडीला मीच हाय. या.

मी तिला क्षमा केलेली नव्हती. दोन वर्षांत एक दिवसही नाही. आणि आता वाटतं, क्षमा तिनं करायची होती.

२८ मार्च, मंगळवार

काही ठरवलं नव्हतं. तरी रजेचा अर्ज शेजारच्या मुलाकडे दिला आणि स्टँडवर गेलो. पिशवीत एक जोडी कपडे. तानाबाईनं डिंकाचे लाडू दिले होते, बाळंतिणीसाठी.

गाडी लागलेली होती. आकारामनं मला बघितलं. त्यानं आपल्या मागच्या सीटवर टॉवेल टाकून जागा धरून ठेवली होती. हातानंच दाखवली. मी खांबाजवळ उभा राहिलो. कंडक्टरनं बेल मारली. आकाराम खाली उतरला, टायरला लाथा मारून बघितलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, पुन्हा टायर बघितले. आतून एक म्हातारी ओरडली की आज सोडतोस का उद्या? त्यानं तिला एक शिवी दिली. कंडक्टरनं पुन्हा बेल मारली. आकाराम तरीही माझ्याकडे बघत उभा.

मी विचार करत होतो की मी दारात गेलो आणि तिनं आतून कडी लावली तर? लावायला तिला पुरता हक्क आहे. मी हिंमत धरून एक पाऊल टाकलं असं वाटलं, पण टाकलेलं नव्हतं. मला भीती वाटली. इतकी भीती मला कधी वाटली नाही.

शेवटी कंट्रोलर आला आणि आकारामवर खेकसला. गाडी गेली. त्याच्या मागच्या सीटवर टॉवेल तसाच दिसत होता.

पायी परत आलो. तानाबाई दारात होती. म्हणाली, गेला न्हाईसा व्हय?

गाडी चुकली, असं सांगितलं. तिनं पिशवी हातातून घेतली.

गाडी चुकली नव्हती.